ठाण्यात पाच तास बसवून ठेवलं, कागद एकही नाही. मूलभूत हक्काची केस होते का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे कोल्हापूरचे, शिरोली एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये कामाला. त्यांनी एका स्थानिक नेत्याची टर उडवणारं व्हॉट्सॲप स्टेटस ठेवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठाण्यातून फोन आला, "साहेबांनी बोलवलंय, जरा येऊन जावा." सहाला गेले, अकराला सुटले. मधल्या वेळात मोबाइल काढून घेतला, पॅटर्न विचारून उघडला, स्टेटस काढायला लावलं आणि हात जोडून माफी मागतानाचा व्हिडिओ करून घेतला. मोबाइल दुसऱ्या दिवशी दुपारी परत मिळाला, तोवर व्हिडिओ गावभर फिरला होता. वर मालकाने सांगितलं, हे मिटेपर्यंत कामावर येऊ नको. त्यांचं म्हणणं, घटनेचे अनुच्छेद १९, २०, २१ आणि २२ चारही मोडले. आता कोल्हापुरातच मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे, तर थेट रिट (हक्कभंगाविरुद्ध उच्च न्यायालयात करायचा अर्ज) टाकावी का? भरपाई मिळेल का? मालकावर काही करता येईल का? आणि पुन्हा फोन आला तर जायचं का?

मी इथे फौजदारी बाजूला वकिली करतो. अशी माणसं येतात तेव्हा त्यांना अनुच्छेदांचे आकडे पाठ असतात, पण हातात कागद नसतो. तुमच्या प्रश्नातही चार अनुच्छेद आहेत, पण एक गोष्ट नाही, आणि माझ्या मते सगळं तिच्यावर अडलं आहे: त्या पाच तासांत तुम्ही ठाण्यात काय म्हणून बसला होतात?

पोलिसांनी समोर बसवलेल्या माणसाचं कायद्यात काहीतरी नातं असावं लागतं, आणि अशी नाती मोजकीच आहेत. १ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरी सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १७९ खाली साक्षीदाराला बोलावता येतं, पण लेखी आदेशाने. स्त्रिया, पंधरा वर्षांखालची मुलं, साठीच्या पुढची माणसं, अपंग किंवा गंभीर आजारी व्यक्ती यांना तर ठाण्यात बोलवायचंच नाही, पोलिसांनी त्यांच्या घरी जायचं. दुसरं नातं संशयिताचं. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे पोलीस दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात अशा गुन्ह्याची, तक्रार किंवा संशय आहे पण अटकेची गरज नाही, अशा वेळी कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. तिसरं अटकेचं. चौथं प्रतिबंधक कारवाईचं, ज्याला आपल्याकडे सरसकट 'चॅप्टर' म्हणतात. २०२४ पासून आणखी एक वाट उघडली आहे: तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकाच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, कलम १७३(३). म्हणजे चौकशीसुद्धा परवानगी घेऊन आणि नोंद करूनच करायची असते.

'जरा येऊन जावा' हे यातल्या कशातच बसत नाही.

म्हणून हक्क मोडला का, हा प्रश्न मी उलट्या बाजूने धरतो. अनुच्छेद २१ सांगतो की कायद्याने ठरवलेल्या कार्यपद्धतीशिवाय कोणाचंही जीवित वा व्यक्तिस्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. १९५० मध्ये गोपालन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचा अर्थ फार आखडता घेतला होता: कायदा आहे ना, मग झालं. १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात तो बदलला, आणि ती कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवीही असली पाहिजे असं ठरलं. पण तुमच्या बाबतीत एवढ्या वरच्या पायरीवर जायचीही गरज पडू नये. तुम्हाला पाच तास बसवलं ते कोणत्या कलमाखाली, एवढंच विचारायचं. स्वातंत्र्य अडवलं हे तुम्ही दाखवलंत की त्याचा आधार दाखवायची जबाबदारी सरकारवर येते. तुम्ही चार अनुच्छेद सिद्ध करत बसलात तर मात्र वाद तुमच्या अंगावर येतो.

आता याची दुसरी बाजू, जी माझ्याकडे येणाऱ्यांना ऐकायला आवडत नाही. सरकारी वकील उभे राहतील आणि म्हणतील, 'हे स्वतःहून आले होते. लोकांच्या भावना भडकल्या होत्या, यांच्याच जिवाला धोका होता म्हणून बसवून घेतलं. माफीही स्वखुशीने मागितली, व्हिडिओत दिसतंयच.' त्यावर तुमच्याकडे काय आहे? अडवून ठेवलं की नाही, हे ठाण्यात काय लिहिलं यावरून ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० सालीच सांगितलं आहे की अधिकारी कागदावर लिहितो तेव्हा अटक सुरू होत नाही, माणसाच्या फिरण्याच्या स्वातंत्र्यावर प्रत्यक्ष बंधन आलं की ती सुरू होते, मग त्याला 'चौकशीसाठी थांबवलं' असं काहीही नाव द्या. पण ते बंधन दाखवावं लागतं. "जातो" म्हटल्यावर कोणी अडवलं? मोबाइल हातात नसताना घरच्यांना कळवू दिलं का? बाहेर भाऊ किंवा घरचं कोणी थांबलं असेल तर त्याला आत सोडलं का? तुमच्या बाजूची केस या उत्तरांतून उभी राहते.

समजा ती अटकच होती असं धरलं, तर अनुच्छेद २२ चालू होतो. अटकेची कारणं सांगायची, पसंतीच्या वकिलाला भेटू द्यायचं, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं. लोक चोवीस तासांवरच अडकतात. मला कितीतरी जणांनी विचारलंय, 'पाचच तास ठेवलं, चोवीसच्या आत सोडलं, मग बेकायदा कसं?' चोवीस तास ही कायदेशीर अटकेची कमाल मर्यादा आहे. अटक करायला मुळात कारणच नव्हतं तर पहिला तासही बेकायदाच. डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटकेचा पंचनामा, नातेवाइकाला खबर, वैद्यकीय तपासणी हे सगळं बंधनकारक केलं, त्यातलं बरंचसं आता कायद्यातच आलं आहे. अर्नेश कुमार खटल्याने २०१४ मध्ये सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत ऊठसूट अटक करायला चाप लावला. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये, महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणं आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यायची, आणि ती रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी तरी त्याच्या हातात पडली पाहिजेत. अटकेबद्दल एवढं सगळं आहे. म्हणूनच अटक न दाखवता नुसतं बसवून ठेवणं सोयीचं पडतं. अटक दाखवली की वीस गोष्टी लिहाव्या लागतात, बसवून ठेवलं की एकही नाही. माझ्या अनुभवात स्टेटसच्या प्रकरणांत हेच जास्त चालतं.

स्टेटसकडे वळू. इथे मी मोघमच बोलू शकतो, कारण त्यात नेमकं काय होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं त्या मजकुरावर आहे. अनुच्छेद १९(१)(क) भाषणाचं आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य देतो. १९(२) त्यावर वाजवी निर्बंध घालू देतो, पण तिथे दिलेल्या कारणांसाठीच: देशाची सार्वभौमता आणि सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. 'साहेबांना राग आला' हे त्या यादीत नाही. 'कार्यकर्ते गोळा झालेत' हेही नाही.

नेत्याची नुसती टर असेल तर फार तर बदनामी, भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६. आणि बदनामी अदखलपात्र आहे. याचा अर्थ पोलिसांनी तक्रारदाराची एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घ्यायची आणि त्याला दंडाधिकाऱ्याकडे जायला सांगायचं. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपासच करता येत नाही, मग मोबाइल उघडणं तर दूरच. तुमच्या प्रकरणात मला हा मुद्दा अनुच्छेद १९ पेक्षाही धारदार वाटतो. घटनेवर तासभर वाद होऊ शकतो, 'हा गुन्हा अदखलपात्र होता, तपासाचा आदेश दाखवा' यावर वाद पाच मिनिटांत संपतो.

स्टेटसमध्ये जात, धर्म, महापुरुष यातलं काही असेल तर चित्र बदलतं. भारतीय न्याय संहितेची कलमं १९६ (गटांत वैमनस्य पसरवणं), २९९ (धार्मिक भावना दुखावणं) आणि ३५३(२) दखलपात्र आहेत. जून २०२३ मध्ये स्टेटसवरूनच शहरात काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय: बंद, दगडफेक, लाठीमार, इंटरनेट बंद. त्यामुळे इथला पोलीस अधिकारी स्टेटस म्हटलं की आधी घाबरतो, हे मी त्यांच्या बाजूनेही समजू शकतो. रात्री दोन-तीनशे पोरं ठाण्याच्या दारात उभी असताना शांत डोक्याने कलम १७३(३) उघडणं सोपं नाही. पण कायदा त्याच वेळी पाळायचा असतो, इतर वेळी तो पाळायला कोणाची हरकत असते?

आपल्याच जिल्ह्यातलं एक प्रकरण या बाबतीत दाखला म्हणून वापरता येतं. काश्मीरहून आलेल्या इथल्या एका कॉलेजच्या प्राध्यापकाने २०२२ मध्ये दोन स्टेटस ठेवली. एकात ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस म्हटलं होतं, दुसऱ्यात १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा होत्या. हातकणंगले पोलीस ठाण्यात जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम १५३ अ (गटांत वैमनस्य पसरवणं) खाली गुन्हा दाखल झाला. एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला. ७ मार्च २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. ३७० हटवण्यावर टीका करण्याचा प्रत्येक नागरिकाला हक्क आहे, दुसऱ्या देशाला त्याच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्याने वैमनस्य पसरत नाही, आणि शब्दांचा परिणाम मोजताना विवेकी, खंबीर माणसाचं माप लावायचं, प्रत्येक गोष्टीत धोका दिसणाऱ्या दुबळ्या मनाच्या माणसाचं लावायचं नाही, असं न्यायालयाने म्हटलं. भाषणस्वातंत्र्य म्हणजे काय हे पोलीस यंत्रणेला समजावून सांगायची वेळ आली आहे, हेही त्याच निकालात आहे. मार्च २०२५ मध्ये एका कवितेवरून गुजरातेत नोंदलेला गुन्हा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने पुढचं पाऊल टाकलं: बोलण्या-लिहिण्यासंबंधीच्या अशा गुन्ह्यांत एफआयआरआधी १७३(३) ची प्राथमिक चौकशी करणं योग्य ठरेल.

निकाल तुमच्या बाजूचे आहेत. पण हातकणंगल्याच्या त्या गुन्ह्यापासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत दीड वर्षाहून जास्त काळ गेला हेही बघा. 'हक्क आहे' आणि 'हक्क मिळाला' यांच्यामध्ये हा काळ असतो, आणि तो आरोपीच काढतो.

मोबाइल आणि व्हिडिओ. ही तुमच्या प्रकरणाची मला सर्वांत गंभीर वाटलेली बाजू आहे आणि तुम्ही ती एका ओळीत उरकली आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्वाळा दिला. त्यात हात घालायचा तर कायदा हवा, कायदेशीर उद्दिष्ट हवं आणि उपाय त्या उद्दिष्टाच्या प्रमाणात हवा. पोलिसांना वस्तू जप्त करायचा अधिकार जरूर आहे, नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली. पण जप्ती म्हटलं की पंचनामा आला, पंच आले, आणि आता कलम १०५ नुसार झडती-जप्तीचं दृक्-श्राव्य चित्रण आलं. तुमचा मोबाइल रात्रभर ठाण्यात होता आणि मुद्देमाल रजिस्टरला त्याची नोंद नाही. मग तो कोणाच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होता, आणि कोणी काय बघितलं? बायकोचे फोटो, बँकेचे मेसेज, मालकाशी झालेलं बोलणं, सगळं त्यात होतं. हे परिच्छेदच्या परिच्छेद खर्चून अर्जात लिहिण्यासारखं आहे.

अनुच्छेद २०(३) म्हणतो, आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही. पॅटर्न सांगायला लावणं हे त्याचं उल्लंघन होतं का, यावर न्यायालयांचं अजून एकमत नाही. बोटाचे ठसे घेणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे, हे १९६१ च्या काथी कालू ओघड खटल्यापासून ठरलेलं आहे. मनातली माहिती काढून घेणं वेगळं, हे २०१० च्या सेल्वी निकालाने नार्को टेस्टच्या संदर्भात सांगितलं. पासवर्ड यातल्या कोणत्या बाजूला पडतो यावर वेगवेगळ्या न्यायालयांनी वेगवेगळं म्हटलं आहे. शिवाय २०(३) 'आरोपी' व्यक्तीला संरक्षण देतो. तुमच्यावर गुन्हाच नोंदलेला नसेल तर पलीकडून पहिला आक्षेप हाच येईल. म्हणून २० ला मी मागे ठेवीन आणि सगळं वजन २१ वर टाकीन.

व्हिडिओचं तसंच. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३. म्हणजे तो व्हिडिओ तुमच्याविरुद्ध खटल्यात उपयोगाचा नाही. मग केला कशाला? लोकांना दाखवायला. माणसाला दोषी ठरवणं आणि शिक्षा देणं ही न्यायालयाची कामं, आणि चारचौघांत हात जोडायला लावणं ही शिक्षा तर कुठल्याच संहितेत नाही. अनुच्छेद २१ मध्ये प्रतिष्ठेने जगणं येतं, त्याचं याहून सरळ उल्लंघन मला सुचत नाही. तो व्हिडिओ ज्या ग्रुपवरून तुमच्याकडे आला त्या मेसेजसकट जपून ठेवा, फॉरवर्ड करून मूळ डिलीट करू नका. मागे ठाण्याची भिंत, टेबल, पाटी काही दिसतंय का बघा. तुम्ही कुठे होतात, याचा पुरावा त्यांनीच तयार करून दिलेला आहे.

मालकाबद्दल थोडक्यात. मूलभूत हक्क मुख्यतः 'राज्या'विरुद्ध असतात, आणि अनुच्छेद १२ मधल्या राज्याच्या व्याख्येत तुमचं वर्कशॉप बसत नाही. अस्पृश्यतेवरचा अनुच्छेद १७, वेठबिगारीवरचा २३ असे काही खासगी माणसांनाही लागू आहेत. २०२३ च्या कौशल किशोर निकालात बहुमताने १९ आणि २१ सुद्धा खासगी व्यक्तींविरुद्ध लागू होऊ शकतात असं म्हटलं, पण त्यावर विसंबून मालकाविरुद्ध रिट टाका असा सल्ला मी देणार नाही. तुमचा मार्ग कामगार कायद्याचा. 'येऊ नको' हे तोंडी आहे, तर उद्याच मेसेज करा: मी कामावर यायला तयार आहे, कधी येऊ कळवा. नाहीतर पुढे 'हाच स्वतः आला नाही' असं होतं.

आता रिटचं. अनुच्छेद ३२ खाली सर्वोच्च न्यायालयात आणि २२६ खाली उच्च न्यायालयात जाता येतं. डॉ. आंबेडकरांनी ९ डिसेंबर १९४८ ला घटना समितीत ज्या कलमाला घटनेचा आत्मा म्हटलं ते आजचं ३२. व्याख्यानात ते हमखास येतं, व्यवहारात आपल्या कामाचं २२६, कारण त्याची कक्षा मोठी आहे: मूलभूत हक्कांसाठी आणि 'इतर कोणत्याही प्रयोजनासाठी'ही. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथे सीपीआर रुग्णालयाजवळच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत बसतंय. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी. त्याआधी अशा कामाला महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्र काढून मुंबई गाठायची, तारीख पडली की परत यायचं. पाच तासांच्या बेकायदा बसवणुकीसाठी एवढं कोण करणार? हक्क असूनही लोक गप्प बसायचे त्यामागे हे एक मोठं कारण होतं. चाळीसेक वर्षांची मागणी होती ती उगीच नाही. आपल्या गावाला हक्कांची सवय जुनी आहे. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या हुकमाने मागासवर्गीयांना नोकऱ्यांत ५० टक्के जागा दिल्या, तेव्हा घटना व्हायला जवळपास पन्नास वर्षं होती. पण तो राजाचा हुकूम होता, मोडला तर दाद राजाकडेच मागायची. १ मार्च १९४९ ला संस्थान विलीन झालं, पुढल्या वर्षी घटना लागू झाली, आणि दाद मागायची जागा बदलली.

असो. बेंच जवळ आलं म्हणून उद्याच रिट टाका असं मात्र मी म्हणणार नाही. रिटमध्ये साक्षीदार तपासले जात नाहीत, निकाल प्रतिज्ञापत्रांवर होतो. तुम्ही म्हणणार बसवलं, ते म्हणणार स्वतः आला. वस्तुस्थितीचा वाद आहे म्हणून न्यायालय हात काढून घेऊ शकतं. म्हणून आधी कागद. पोलीस अधीक्षकांच्या नावे अर्ज करा, प्रत ठाण्याला, दोन्हीकडे आवक शिक्का मारून पोच घ्या. घेत नसतील तर रजिस्टर पोस्टाने. भाषा शांत ठेवा. साधारण अशी:

'दि. … रोजी सायंकाळी … वाजता … या क्रमांकावरून फोन आल्याने मी ठाण्यात हजर झालो. रात्री … वाजेपर्यंत मला बाहेर जाऊ दिले नाही. माझा मोबाइल पंचनामा न करता काढून घेण्यात आला व दि. … रोजी परत देण्यात आला. मला कोणतीही लेखी नोटीस दिली नाही. मला कोणत्या तक्रारीवरून व कोणत्या कलमान्वये बोलावले, याची माहिती व संबंधित स्टेशन डायरी नोंदीची प्रत मिळावी. सदर वेळेतील ठाण्याचे सीसीटीव्ही चित्रण जतन करावे.'

एवढंच. 'हुकूमशाही', 'गुंडगिरी', 'घटनेचा खून' असले शब्द नकोत. वाचणाऱ्याला तुमचा राग नको असतो, वेळ आणि तारीख हवी असते.

सीसीटीव्हीची ओळ गाळू नका. परमवीर सिंग सैनी खटल्यात डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात, दारापासून लॉकअप आणि अधिकाऱ्यांच्या खोलीपर्यंत, आवाजासह कॅमेरे बसवायला आणि चित्रण किमान वर्षभर जपायला सांगितलं. प्रत्यक्षात 'त्या दिवशी कॅमेरा बंद होता' हे उत्तर येऊ शकतं. पण जतन करा असा अर्ज वेळेत गेलेला असेल आणि मग कॅमेरा बंद निघाला, तर तो खुलासा त्यांनाच न्यायालयात द्यावा लागतो. माहिती अधिकाराचा अर्ज सोबत द्या, पण त्यावरच अवलंबून राहू नका, तपासाचं कारण देऊन तो फेटाळता येतो.

स्वतःकडचेही धागे गोळा करा. ठाण्याच्या लँडलाइनवरून आलेल्या फोनची नोंद. तुमचा मोबाइल ताब्यात असताना घरच्यांनी तुम्हाला केलेले आणि न उचललेले फोन. भाऊ बाहेरच्या टपरीवर वाट बघत बसला असेल आणि चहाचे पैसे यूपीआयने दिले असतील तर त्यावर वेळ असते. ही फालतू वाटणारी दहा रुपयांची नोंद मोठ्या मोठ्या निकालांपेक्षा उपयोगी पडते.

अधीक्षकांकडून समाधान झालं नाही तर राज्य मानवी हक्क आयोग आहे. घटनेपासून वर्षाच्या आत तक्रार करावी लागते, वकील लागत नाही. आयोग शिफारस करतो, हुकूम देत नाही, हे धरून चला. तरी त्याने मागवलेला पोलिसांचा लेखी अहवाल पुढे रिटमध्ये कामाला येतो, कारण त्यात ते काहीतरी कबूल करतात किंवा दोन ठिकाणी दोन गोष्टी सांगतात. त्यानंतर बेंचकडे जा, उशीर फार करू नका. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्या. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतल्या व्यक्ती यांना तर उत्पन्न न बघता वकील मिळतो.

याला एक अपवाद. गुन्हा दाखल झाला, अटकेची भाषा सुरू झाली, किंवा माणूस आत आहे आणि पत्ताच लागत नाही, तर ही सगळी पायऱ्यांची चढण सोडायची. त्या दिवशी वकील गाठायचा आणि अटकपूर्व जामीन किंवा हेबियस कॉर्पस (अडवलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करायला लावणारी रिट), जे लागेल ते करायचं.

भरपाई मिळते. १९८३ च्या रुदुल शहा आणि १९९३ च्या नीलाबती बेहरा प्रकरणांपासून न्यायालयं मूलभूत हक्काच्या उल्लंघनासाठी रिटमध्येच भरपाई देत आली आहेत. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जामीनपात्र गुन्ह्यात जामीन द्यायला तयार असलेल्या एका संगीत शिक्षकाला लॉकअपमध्ये टाकल्याबद्दल २ लाख रुपये द्यायला लावले. पण तिथे अटक कागदावर होती. तुमच्या पाच तासांसाठी रक्कम मिळेलच असं मी सांगणार नाही. व्हिडिओ आणि मोबाइल हे दोन मुद्दे नीट उभे राहिले तर शक्यता वाढते. व्हिडिओ हटवण्याचे आदेश आणि संबंधितांची खातेनिहाय चौकशी, एवढं मिळवणं मला जास्त वास्तववादी वाटतं.

पुन्हा फोन आला तर? नुसतं 'येत नाही' म्हणू नका. 'येतो, नोटीस द्या' म्हणा, आणि तेच मेसेज करून लेखी ठेवा. कलम ३५ ची नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवली तर ती बजावणी धरली जात नाही असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आहे, पण त्यावरून हुज्जत घालण्यात अर्थ नाही. कागदावर मागा, मिळाला की ठरल्या वेळी हजर व्हा. नोटीस मिळूनही गेला नाहीत तर अटकेचं कारण तुम्हीच पुरवता. जाताना वकील किंवा घरचं कोणीतरी बरोबर न्या, पोहोचल्याची वेळ घरच्यांना कळवून ठेवा. जबाब घेतला तर त्यावर सही करावी लागत नाही, नागरी सुरक्षा संहितेचं कलम १८१ तेच सांगतं, आणि कोऱ्या कागदावर तर कधीच करू नका. खरं उत्तर द्यायचं बंधन आहे, पण स्वतःला गुन्ह्यात अडकवणाऱ्या प्रश्नाला उत्तर न देण्याची मुभाही आहे. मोबाइल मागितला तर 'जप्तीची पावती द्या' एवढं म्हणा आणि थांबा. आवाज चढवू नका, ओढाओढ करू नका, नाहीतर सरकारी कामात अडथळ्याचं कलम लागलंच म्हणून समजा, आणि तो गुन्हा दखलपात्र आहे.

स्टेटसचा स्क्रीनशॉट तुमच्याकडे नसेल तर ज्याने पाहिलं त्याच्याकडून मिळवा, आणि चारचौघांच्या ग्रुपवर न टाकता एखाद्या वकिलाला नेऊन दाखवा. १९६ लागतं की नुसतं ३५६, हे तो मजकूर बघितल्यावरच सांगता येईल, आणि वरच्या उत्तरातला निम्मा भाग त्यावर बदलेल.